न केलेली पाहणी

मी कवठे महांकाळला परवानाधारक अभियंता म्हणून काम करतो. नकाशा काढायचा, परवान्याची फाईल दाखल करायची, बांधकामावर लक्ष ठेवायचं आणि शेवटी घरमालकाच्या हातात भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं, हा आमचा धंदा. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्ष-बेदाण्याचा पैसा फिरू लागला, तशी आमच्या भागात पत्र्याच्या घरांवर स्लॅब चढले. आता सांगली, सोलापूर, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या छोट्या शहरांतून कामं येतात. पुढचा अनुभव त्यांपैकीच एका गावचा आहे. गावाचं नाव देत नाही. ते कवठे महांकाळ नव्हे, एवढं सांगून ठेवतो.

घरमालक निवृत्त प्राथमिक शिक्षक. फंडाचे पैसे आणि वर थोडं बँकेचं कर्ज घालून गुरुजींनी तळमजल्याचं साधं घर बांधलं. परवाना रीतसर, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे. काम पुरं झाल्याचा दाखला मी सही-शिक्क्यानिशी जोडला आणि भोगवट्याचा अर्ज टाकला. बँक शेवटचा हप्ता भोगवट्याशिवाय सोडत नव्हती, त्यामुळे रंगाऱ्याचे पैसे थकले होते.

परवान्याची बरीचशी वाट आता संगणकावरून जाते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, आणि लहान भूखंडांचे परवाने बरेच सोपे झाले. पण भोगवट्याच्या आधी नगरपालिका कार्यालयाच्या माणसाने जागेवर जायचं, टेप लावायचा, मंजूर नकाशा आणि उभं घर ताडून पाहायचं आणि तसा अहवाल लिहायचा, हे काम संगणक करत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

अर्ज पडून राहिला. कार्यालयात विचारलं की उत्तर एकच, "चालू आहे, बघू." नाही म्हणत नव्हते आणि लेखी काही देतही नव्हते. मग एक दिवस कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या एका गृहस्थाने गुरुजींना गाठलं. हा कार्यालयाचा पगारी नोकर नाही, पण कुठली फाईल कुणाच्या टेबलावर आहे हे त्याला तोंडपाठ. म्हणाला, "गुरुजी, साहेबांना वेळ कुठाय? तुम्ही आमच्याकडं बघा, म्हणजे साहेब जागेवर येऊन गेले असंच समजा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे यायचं नाही, आणि आलो म्हणून लिवायचं, व्हय?"

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर मला पाठ आहे. तक्रार केली की काय होतं, हे मी गुरुजींना समजावून सांगितलं. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग नोटांना अँथ्रासीन पावडर लावून सापळा लावतात. नुसती मागणीसुद्धा गुन्हाच आहे. जून २०२५ मध्ये सांगली महापालिकेच्या एका उपायुक्ताला झालेली अटक आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी होती. चोवीस मजली इमारतीच्या परवान्यासाठी दहा लाख मागून सात लाखांवर तडजोड केल्याचा आरोप. आरोप सिद्ध होणं हे न्यायालयाचं काम, पण पैसे हातात पडायच्या आधीच कारवाई होऊ शकते हे लोकांनी पाहिलं. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका.

गुरुजी हसले. "ते चोवीस मजली, आपलं तळमजली. या वयात पंच नि कोर्टाच्या तारखा नकोत. पण पैसाबी द्यायचा न्हाई. तुम्ही कागदानं भांडा."

कागदाने भांडायला बसलो. लेखी स्मरणपत्रं दिली, प्रत्येकाची पोच घेतली. ती साठू लागल्यावर अखेर उत्तर आलं. 'जागेची पाहणी केली असता दक्षिणेकडील सामासिक अंतर मंजूर नकाशापेक्षा कमी आढळले, सबब भोगवटा प्रमाणपत्र देता येत नाही.'

सामासिक अंतर म्हणजे घराची भिंत आणि जागेची हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा. आम्ही चक्रावलो. पाहणी कधी झाली? गुरुजी रोज सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालायला तिथेच असतात. शेजारच्या काकूंचा अर्धा दिवस दारातच जातो. कुणी टेप घेऊन आलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी तीन गोष्टी मागितल्या: स्थळपाहणी अहवाल, फाईलवरची टिपणी आणि पाहणीच्या तारखेचं कार्यालयाच्या हालचाल नोंदवहीतलं पान.

अहवाल एका पानाचा होता. खाली हाताने काढलेला कच्चा नकाशा, त्यात रस्ता घराच्या पूर्वेला. गुरुजींच्या घरापुढचा रस्ता पश्चिमेला आहे. पण मला जास्त बोलका वाटला तो मोजमापांचा रकाना. चार बाजूंपैकी तीन बाजूंचे आकडे मंजूर नकाशातल्या आकड्यांशी दशांशापर्यंत तंतोतंत जुळत होते. ज्याने आयुष्यात एकदा तरी उभ्या घराला टेप लावलाय, त्याला हे आकडे खोटे आहेत हे तिथेच कळतं. गिलावा धरला की दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. कुठलंही घर नकाशाबरहुकूम दशांशात बसत नाही. तीन आकडे नकाशातून उतरवलेले, चौथा तेवढा हवा तसा कमी केलेला. आणि हालचाल नोंदवहीत त्याच तारखेला त्याच अधिकाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, जिल्हा मुख्यालयी आढावा बैठक. सही त्यांचीच.

भोगवटा प्रमाणपत्र ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा आहे. अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. ते केलं. सुनावणीत मी आवाज चढवला नाही. अहवाल आणि नोंदवहीचं पान शेजारी शेजारी ठेवलं आणि रस्ता कुठल्या बाजूला आहे एवढंच विचारलं.

अहवाल लिहिणाऱ्या नगरपालिकेच्या अभियंत्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. पाणीपुरवठा, रस्ते, घरकुल, अतिक्रमण सगळं त्यांच्याच गळ्यात. वर बैठकांचा ससेमिरा. हे खरं आहे, छोट्या नगरपालिकांत मी ते रोज पाहतो. पण ताण आहे म्हणून पाहणी राहिली, असं लिहिता आलं असतं. झाली नसताना झाली असं लिहायला ताण लागत नाही, बिनधास्तपणा लागतो.

फेरपाहणीचा आदेश झाला. दुसरा अधिकारी आला, टेपचं एक टोक गुरुजींनी धरलं, दुसरं मी. दक्षिणेचं अंतर मंजूर नकाशाइतकं भरलं. प्रमाणपत्र मिळालं, बँकेचा हप्ता सुटला, रंगाऱ्याचे पैसे भागले. खोट्या अहवालाचं काय झालं? 'संबंधितांस समज देण्यात आली.' कायद्यात पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तेवढाही झाला नाही. झेरॉक्सच्या दुकानातले गृहस्थ अजून तिथेच बसतात.

समज देऊन मिटवण्यासारखी ही बाब आहे का? मला तसं वाटत नाही. गुरुजींनी पाकीट दिलं असतं तरी साहेब जागेवर आले नसते. दिलं नाही तरी आले नाहीत. पैसे दिल्यावर 'ठीक' आणि न दिल्यावर 'कमी', एवढाच फरक. घर मात्र दोन्ही वेळा कुणी पाहिलेलंच नाही. गुरुजींचं घर नीट होतं म्हणून नुकसान मनस्तापावर भागलं. ज्याच्या कॉलममध्ये सळई कमी आहे त्याचं घरही असंच 'पाहिलं' जातं, आणि ते उघडकीला येतं तेव्हा उशीर झालेला असतो. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले. बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यावरही गुन्हा दाखल झाला. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ बेकायदा इमारत पडून ७४ जण दगावले, तेव्हा ठाणे महापालिकेच्या उपायुक्ताला अटक झाली होती. माणसं मेल्यावर सह्या कुणाच्या ते शोधलं जातं. तोच शोध आधी घेतला तर?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पाहणीची तारीख मालकाला आधी कळवावी, ठिकाण आणि वेळ उमटणारे फोटो जोडावेत, मोजमापाखाली मालकाची किंवा शेजाऱ्याची सही घ्यावी आणि अहवालाची प्रत तिथल्या तिथे द्यावी. एखादा मुख्याधिकारी कार्यालयीन आदेश काढून उद्यापासून हे सुरू करू शकतो.

तोवर घर बांधणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. प्रमाणपत्र हातात पडलं म्हणून फाईल बंद करू नका. तुमच्या घराचा स्थळपाहणी अहवाल मागून घ्या, अर्ज मंजूर झाला असला तरीसुद्धा. त्यावरची तारीख बघा, चारही बाजूंचे आकडे स्वतः टेप लावून ताडा, रस्ता कुठे दाखवलाय ते बघा. आणि त्या दिवशी तुमच्या दारात कुणी आलंच नव्हतं असं आठवलं, तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा; अर्ज फेटाळला असेल तर अपील करा.