उशिरा चढणारे विष

दिवाळी अंकासाठी लिलीच्या फुलांवर, त्यांतील विषावर आणि मृत्यूशी जोडल्या गेलेल्या त्यांच्या नात्यावर काही लिहावे, असे संपादकांचे पत्र आषाढात आले, तेव्हा त्यांच्या मनात शवपेटीवर वाहिलेली युरोपातील पांढरी लिली असणार, हे उघड होते. परंतु ज्याने आधी धुळे आणि मग नंदुरबार जिल्ह्यात शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून पंचनाम्यांच्या आणि अहवालांच्या भाषेत तीस वर्षे मृत्यूविषयीच लिहिले, त्याच्या डोळ्यांपुढे लिली म्हटल्याबरोबर सातपुड्यातील एक निराळीच वेल उभी राहते, आणि त्या वेलीमागे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत.

पांढऱ्या लिलीविषयी थोडक्यात सांगून टाकतो. ती मरियमेचे फूल म्हणून ख्रिस्ती चित्रकलेत आली, पावित्र्याचे चिन्ह ठरली आणि त्या वाटेनेच अंत्यविधीत शिरली. आपल्याकडे तिरडीवर झेंडू आणि गुलाल पडतो, पुढाऱ्यांच्या पार्थिवावर निशिगंधाची पुष्पचक्रे वाहतात, आणि निशिगंध ही लिली नव्हे. खऱ्या लिलीच्या जातींपैकी एक निलगिरीत आहे, एक मणिपुरातील शिरुईच्या डोंगरावर आहे. सातपुड्यात एकही नाही. मांजराने त्या लिलीचे पान चघळले किंवा अंगावर पडलेला पराग चाटला, तरी दोन-तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, हे खरे आहे. पण माणसाला तिचे फारसे भय नाही, चीन-जपानात तर काही जातींचे कंद आवडीने खाल्ले जातात. मृत्यूचे फूल म्हणून जगभर मिरवलेले फूल माणसाला मारत नाही, आणि जे मारते ते आपल्या कोकणात गौरीला वाहतात.

ते फूल कळलावीचे. श्रावणात तोरणमाळचा घाट चढताना कुंपणांवर, बांबूच्या बेटांवर आणि ओढ्यांच्या काठी ही वेल पानांच्या टोकांशी असलेल्या ताणांनी आधार धरीत वर चढलेली दिसते. पाकळ्यांच्या कडा नागमोडी, मुळाशी पिवळ्या, टोकाला लाल, आणि साऱ्याच वर वळलेल्या, जणू काही ज्योतच. म्हणून अग्निशिखा. जमिनीखालचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. सुश्रुतसंहितेत वार अडली असता हिच्या मुळीचा लेप तळहात-तळपायांना लावावा असे सांगितले आहे, आणि बाळंतपणाच्या कळा आणणारी म्हणून कळलावी हे मराठी नाव. त्याच आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. जुन्या ग्रंथांत ती लिलीच्या कुळात नोंदलेली आढळेल. ज्या १९९८ साली आमचा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, त्याच साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका मंडळाने जनुकांच्या आधारे सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी प्रसिद्ध केली, आणि तीत कळलावीचे बिऱ्हाड लिलीच्या घरातून शेजारच्या कुळात मांडले गेले. नाते जवळचेच राहिले.

आता ज्या नावावरून माझा गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे, त्याकडे वळतो, आणि वाचकांनी येथे थोडा धीर धरावा, कारण हा वाद शब्दांचा दिसत असला तरी त्यात माणसे दगावतात. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत कळलावीला खड्यानाग म्हणतात, आणि बचनागही म्हणतात. परंतु वैद्यांचा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातील सर्वस्वी भिन्न वनस्पती असून तिचा आणि हिचा काही संबंध नाही. वत्सनाभाने ओठ आणि जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, हृदयाचा ताल बिघडतो, आणि जे व्हायचे ते बहुधा पहिल्या दिवसातच होऊन जाते. कळलावीचे तसे नाही. खाल्ल्यावर दोन तासांपासून बारा तासांपर्यंत काहीच होत नाही. मग पटकीसारखे जुलाब आणि ओकाऱ्या सुरू होतात. मग कित्येकदा थोडा उतार पडल्यासारखे वाटते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब, मूत्रपिंडे, यकृत, रक्त निर्माण करणारी मज्जा, अशी एकेक व्यवस्था कोसळत जाते. तेव्हा जबाबात ‘बचनाग खाल्ला’ असे लिहिलेले वाचून जो तरुण डॉक्टर पुस्तक उघडतो, तो रोग्याची नाडी चोवीस तास पाहतो, ती नियमित आहे अशी खात्री करून घेतो आणि त्याला घरी जाऊ देतो. एका शब्दापायी रोगी ऐन धोक्याच्या घटकेला दवाखान्याबाहेर पडतो. जबाब लिहिणाऱ्या प्रत्येक अंमलदाराला मी हे सांगत आलो आहे, की नाव लिहू नका, वनस्पती आणा.

विद्वानांचीही या वनस्पतीपुढे फसगत झालेली आहे. १८८० साली वॉर्डन यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढून त्याला सुपर्बीन हे नाव दिले आणि ते रानकांद्यातील विषाच्या जातीचे असावे असे मानले. मद्रासकडील मुदीन शरीफ यांनी तर ती मुळी अल्प मात्रेत स्वतः घेऊन पाहिली आणि लोक समजतात तितकी ती विषारी नाही, असे मत दिले. अखेरीस १९१५ साली क्लूअर, ग्रीन आणि टुटिन या रसायनज्ञांनी तिच्यात कोल्चिसीन असल्याचे दाखवले. हेच द्रव्य १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांना एका युरोपीय कंदात सापडले होते.

कोल्चिसीन काय करते, हे सोपे करून सांगण्याचा प्रयत्न करतो. शरीरातील पेशी दुभागते तेव्हा गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी तिच्यात प्रथिनाचे सूक्ष्म धागे, मागावर ताणा लावावा तसे, ताणले जातात. कोल्चिसीन त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि धागा तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रांची जोडी लागलेली, पण त्यांना ओढून नेणारे कोणी नाही, अशा अवस्थेत पेशी अडकून पडते. (वनस्पतीत मात्र हेच अडकणे उपयोगी पडते: ब्लेकस्ली यांनी १९३७ साली धोतऱ्यावर याच द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून दाखवली, आणि पुढे जपानात किहारा यांनी बिनबियांचे कलिंगड त्याच मार्गाने सिद्ध केले. संधिवाताच्या एका प्रकारावर तर ते अल्प मात्रेत औषध म्हणून आजही देतात.) शरीरात ज्या पेशी सर्वांत भराभर दुभागतात त्या आधी मरतात. प्रथम आतड्यांचे अस्तर, मग मज्जा. आणि जो यातून वाचतो त्याच्या, दहा-बारा दिवसांनी, केसांची मुळे. उशीर हा या विषाचा स्वभावच आहे. लोकांची समजूत मात्र अशी, की विष म्हणजे पोटात जाताच माणसाला निळे पाडणारे काहीतरी, आणि म्हणून त्रास सुरू होण्याच्या लगेच आधी जे पोटात गेले त्यातच विष होते, असे ते ठामपणे मानतात.

धडगाव तालुक्यातील त्या पाड्यावर असेच झाले. दिवाळी जवळ आली होती, अस्तंब्याच्या यात्रेला निघणारी माणसे गावोगाव जमू लागली होती. आजी आणि नातू यांनी सकाळी रानातला कंद उकडून खाल्ला, आजीने अधिक, नातवाने थोडा. दिवसभर दोघे कामाला होती. सायंकाळी शेजारच्या एका विधवा बाईने दोघांना ताक दिले, आणि ते पिऊन घरी येतात न येतात तोच ओकाऱ्या सुरू झाल्या. एका रुग्णालयात दोघांवर पटकीचे उपचार झाले. चौथ्या दिवशी आजी गेली. अकस्मात मृत्यूची नोंद होऊन प्रेत माझ्याकडे आले. आतड्यांचे अस्तर सुजलेले, ठिकठिकाणी रक्तस्राव, म्हणजे पुष्कळ कारणांनी दिसू शकेल तेच. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून मी रवाना केला. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आले, विष आढळले नाही. हे वाक्य वाचताना विष नव्हते असा अर्थ जो तो घेतो, कचेऱ्यांतूनही घेतात. कोणते विष शोधायचे ते शोधणाऱ्याला सांगावे लागते, आणि त्या दिवशी मलाच ते ठाऊक नव्हते, म्हणून मी ते सांगितले नव्हते.

पाड्यावर मात्र ते उत्तर येण्याच्या कितीतरी आधीच ताक देणाऱ्या बाईचे नाव डाकीण म्हणून घेतले जाऊ लागले होते. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ काय होतो, तो शब्द लागलेल्या बायांचे पुढे काय होते, ते मी टेबलावर पाहिले आहे. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी हा शब्द अद्याप गेलेला नाही. बाराव्या-तेराव्या दिवशी मुलाचा बाप काही कागदासाठी मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मुलाने डोक्याचे फडके सोडले, तेव्हा केसांचा पुंजका फडक्याबरोबर आला. बाप म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, तिनेच नेले बघा केस.’ आजीसाठी आम्ही मुंडण केलेलेही नाही, असेही तो म्हणाला. मी त्या मुलाच्या मस्तकावरून हात फिरवला आणि जे शवविच्छेदनाच्या वेळीच सुचायला हवे होते ते मला तेव्हा सुचले.

दुसऱ्या दिवशी अंमलदारांना घेऊन मी पाड्यावर गेलो. दिवाळीपर्यंत कळलावीची वेल वाळून जाते, शेंगा उकलून लाल बिया दिसू लागतात, आणि त्याही गळाल्या की जमिनीखालचा कंद बिननावाचा होतो. खाण्याच्या कंदाची वेलही तेव्हा तशीच वाळलेली असते. आजीची नजर मोतीबिंदूने गेलेली. मग कंद कोणी खणला, हा प्रश्न येणारच होता. मी अहवालात ‘घरात आणलेला कंद’ एवढेच लिहिण्याचे मनाशी ठरवले होते, आणि तिथे जमलेल्या माणसांना तेवढेच सांगून मी थांबलो. पण तेवढ्याने ती बाई मोकळी होत नव्हती, कारण ज्याला खणणारा नाही त्या कंदावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा तो मुलगा पुढे आला आणि पावरी बोलीत म्हणाला, मीच खणला. त्याने जागा दाखवली. तिथे उरलेला अर्धा कंद निघाला, नांगरासारखा वाकडा.

बाईचे नाव सुटले. ते सुटावे म्हणून एका लेकराला ते वाक्य सर्वांसमोर बोलावे लागले, आणि मी, ज्याने ते त्याच्याऐवजी बोलायला हवे होते, गप्प उभा होतो. न बोलणे ही दया होती की भित्रेपणा, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

पुढच्या श्रावणात दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा मुलाच्या डोक्यावर दाट केस आले होते. तो मला ओढ्याकडे घेऊन गेला. कळलावी ऐन बहरात होती, आणि प्रत्येक वेलीच्या बुडाशी चुना फासलेला एकेक दगड त्याने जमिनीत घट्ट रोवून ठेवला होता, वेल वाळल्यावरही जागा कळावी म्हणून. मी मोजले, चौदा होते. पंधरावा पलीकडच्या काठावर आहे, तो पाणी ओसरल्यावर ठेवणार, असे त्याने सांगितले.