तुमच्या मशिदीचा जुना फोटो आहे का?

सोनाळ्याहून कुठेही जायचे म्हटले की एसटीत अर्धा दिवस जातो, ही आमची कायमची तक्रार. पण नकाशा उघडून पाहिला तर पूर्वेला नरनाळा आणि त्यापुढे अचलपूर, दक्षिणेला बाळापूर, सातपुड्याच्या त्या अंगाला बऱ्हाणपूर, नैर्ऋत्येला रोहिणखेड. सकाळच्या नमाजनंतर निघाले तर रात्री घरी येता येते. गेली बारा-तेरा वर्षे शाळेला सुट्टी लागली की मी आणि माझे शोहर यातले एखादे गाव गाठतो. मुले लहान होती तेव्हा कुरकुरत यायची. आता ती शिकायला बाहेर आहेत, त्यामुळे कुरकुरही नाही.

मी फोटो काढते. कॅमेरा नाही, साधा मोबाइल. जुने चौक, वेशी, गल्ल्या, मशिदींच्या कमानी आणि विशेष करून दगडावरची अक्षरे. आल्यावर नणंदा आणि भावजया विचारतात, "तुम्ही दोघे कुठे आहात यात?" आम्ही त्यात नसतो. लोकांचे फोटो बघा, ताजमहालसमोर पंचवीस वेळा तेच चार चेहरे, आणि ताजमहाल एखाद्याच्या कानामागे. चेहरे तर घरीही आहेतच की.

बऱ्हाणपूरला आम्ही चार वेळा गेलो आहोत. माझ्या वर्गातल्या मुलांना मुमताज महल म्हटले की आग्रा आठवते. पण तिचा इंतकाल 1631 च्या जूनमध्ये बऱ्हाणपूरला झाला, तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला दफन केले आणि सहा महिन्यांनी तिचा जनाजा आग्र्याला नेला, हे सांगितले की मुले डोळे मोठे करतात. आपल्या डोंगरापलीकडची गोष्ट आहे ही. आहूखान्याचा फोटो मी दरवेळी काढते. ताजच्या फोटोशेजारी तो ठेवला की वर्गात आपोआप शांतता होते.

पण मी मुख्यतः जाते ती जामा मशिदीसाठी. फारूकी सुलतान आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने बांधलेली ही काळ्या दगडाची मशीद. घुमट नाही, दोन उंच मिनार आणि समोर कमानींची रांग. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्यासोबत चक्क संस्कृत लेख आहे. सृष्टीच्या निर्मात्याला वंदन करून सुरुवात, मग फारूकी घराण्याची वंशावळ, आणि शेवटी तिथी, वार, नक्षत्रासह तारीख. ती 1590 च्या जानेवारीत येते. पुढे 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला, त्याचाही लेख याच मशिदीत आहे. एका इमारतीत तीन भाषांचे दगड. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे देवनागरी अक्षरे मला लावता येतात आणि नस्तालीकही. पण देवनागरी येणाऱ्यांना अरबी येत नाही आणि अरबी वाचणारे देवनागरीकडे बघत नाहीत. मी तिथे उभी असताना बहुतेक जण दोन्हीकडे पाठ करून सेल्फी घेत होते.

दगडावरचे अक्षर मोबाइलमध्ये पकडायचे तर थोडी युक्ती लागते. भर दुपारी समोरून फोटो काढला तर काहीच दिसत नाही, सगळे सपाट. सकाळी किंवा असरनंतर ऊन तिरपे पडते, तेव्हा कोरलेल्या रेषेत सावली बसते आणि अक्षर उठून येते. आतल्या अंधाऱ्या भिंतीवर मी फ्लॅश लावत नाही. शोहर बाजूला उभे राहून दुसऱ्या मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरतात. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नमाजच्या वेळेला मोबाइल पर्समध्ये. सज्द्यात असलेल्या माणसांचे पाठीमागून फोटो काढणारे पर्यटक पाहिले की मला राग येतो, आणि ते आपलेच लोक असले तर जास्त येतो.

फोटोचा विषय आपल्या घरांत तसा नाजूकच. माझे अब्बा मरहूम फोटोच्या विरुद्ध होते. घरात कुणाची तसबीर भिंतीवर लागू दिली नाही. पण बैठकीत मक्का-मदिनेची काचेची फ्रेम होती, आणि ती ते दर ईदेला स्वतः पुसायचे. त्यात विसंगती काहीच नाही. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका चित्रकाराचा प्रसंग आहे. चित्रे काढणे हेच त्याचे पोट होते. त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितले. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकातली मोझेकची चित्रे आहेत, त्यात झाडे, नदी, वाडे, कमानी सगळे आहे, माणूस एकही नाही. सोळाव्या शतकात उस्मानी दरबारातल्या मतराकची नसूह याने सुलतान सुलेमानच्या इराक मोहिमेतली शहरे रंगवली. बगदाद, तबरीझ, हलब. घरे, वेशी, पूल, पण रस्त्यात माणूस नाही. म्हणजे जागेचे चित्र जपून ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, मोबाइलबरोबर आलेली नाही. आजच्या फोटोबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि मी आलिमा नाही. पण वेशीचा, चौकाचा, शिलालेखाचा फोटो काढायला अब्बांनीही कधी नाही म्हटले नसते.

मदिना शरीफचा पहिला फोटो 1861 मध्ये काढला तो मुहम्मद सादिक बे नावाच्या इजिप्तच्या लष्करी इंजिनिअरने. 1880 मध्ये इजिप्तच्या हज काफिल्याचा खजिनदार म्हणून तो गेला आणि मक्केचेही फोटो काढून आला. त्या काळात काचेच्या प्लेटा आणि पेटीएवढा कॅमेरा उंटावर लादून न्यावा लागे. आज जे हज-उमरा करून येतात त्यांनी ते फोटो जरूर पाहावेत. त्यातले जवळजवळ काहीच आता उरलेले नाही. हरमजवळच्या टेकडीवर अजयाद नावाचा उस्मानी किल्ला होता, तो 2002 मध्ये पाडला आणि तिथे मनोऱ्याचे हॉटेल उभे राहिले. हाजींची संख्या वाढली, जागा लागते, हे खरे. पण किल्ला कसा होता हे आता फोटोच सांगतो.

आपल्या भागातलेही एक उदाहरण आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज फौजी 1844 मध्ये आला. वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्याने मोठमोठी तैलचित्रे केली, ती लंडनला पाठवली आणि 1866 च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. त्याच गिलने 1860 च्या दशकात आपल्या लोणारच्या देवळांचे फोटो काढले होते. ते मात्र राहिले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते.

आमच्याच भागातल्या एका गावी (नाव लिहीत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत) लग्नाला गेलो होतो. गावची मशीद लहान, जुनी, चुन्यात बांधलेली. दरवाजावर हातभर लांबीचा फारसी शेरांचा दगड. त्यावर दरवर्षी ईदेआधी हिरवा ऑइलपेंट देत देत अक्षरे बुजत आली होती. लग्नघरात गर्दी होती म्हणून मी असरनंतर बाहेर पडले आणि तिरप्या उन्हात सात-आठ फोटो घेतले. दोन वर्षांनी त्या मशिदीचा जीर्णोद्धार झाला. स्लॅब, संगमरवरी फरशी, दोन मिनार, चकचकीत टाइल्स. छत गळत होते, जुम्म्याला लोक रस्त्यावर उभे राहत, तेव्हा नवी मशीद बांधणे गरजेचेच होते. वर्गणी गोळा करणाऱ्यांची मेहनत मी पाहिली आहे. पण दगड काढताना तुटला आणि त्याचे तुकडे पायात भरावाला गेले. कुणाला त्यात वाईट हेतू नव्हता. वाचता येत नाही ते काय सांभाळायचे, एवढेच.

मग 2025 मध्ये वक्फ मिळकतींची माहिती सरकारच्या उमीद पोर्टलवर भरायची वेळ आली. सहा महिन्यांची मुदत. गावोगावी मुतवल्ली जुने सातबारे, सनदा, गॅझेटच्या प्रती शोधत फिरत होते. त्या गावच्या मुतवल्ली साहेबांचा मला फोन आला. "बाई, तुम्ही लग्नात दगडाचा फोटो काढला होता म्हणतात. मशीद किती साली बांधली, कुणालाच सांगता येत नाही."

फोटो म्हणजे मालकीचा कागद नव्हे, हे मी त्यांना आधीच सांगितले. पण साल कळले तर कोणत्या काळातले दफ्तर शोधायचे ते तरी कळते. मी फोटो उघडला. साल आकड्यात नव्हतेच, ते शेरात दडलेले होते. आपल्याला 786 चा हिशेब माहीत असतो, तोच हा अबजदचा. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, येचे दहा, काफचे शंभर, गैनचे हजार. शेवटच्या मिसऱ्यातल्या अक्षरांची बेरीज केली की हिजरी साल निघते. जुने शायर यात पटाईत असत. पण एका अक्षराचे नुक्ते ऑइलपेंटखाली गेले होते. नुसता दात दिसत होता. खाली एक नुक्ता असेल तर तो बे, म्हणजे दोन. वर एक असेल तर नून, पन्नास. वर दोन असतील तर ते, चारशे. एका थेंबभर रंगाने चारशे वर्षांचा फरक पडतो.

तिथे डावीकडून आणि उजवीकडून घेतलेले वेगळे फोटो कामाला आले. एकात काहीच नव्हते. दुसऱ्यात दाताच्या वर रंगाखाली एकच बारीक फुगवटा दिसला. नून. मी आठवीच्या मुलांना फळ्यावर मिसरा लिहून दिला आणि बेरीज करायला सांगितली. चार जणांची तीन उत्तरे आली, मग पुन्हा केली. शेवटी साल आले ते मुतवल्ली साहेबांना मी फोटोसह पाठवले. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो बारीक होतो आणि अक्षर फुटते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. त्यांनी आता तो प्रिंट करून मशिदीच्या दफ्तरात लावला आहे.

तेव्हापासून मी सगळ्यांच्या मागे लागले आहे. ज्यांच्या गावी जुनी मशीद, दर्गा, ईदगाह, बारव, वेस आहे, त्यांनी रंगरंगोटी आणि बांधकामाआधी फोटो काढून ठेवा. एक लांबून, ज्यात आजूबाजूचा चौक दिसेल. एक समोरून. लेख असेल तर तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंनी, आणि शेजारी पट्टी किंवा वही धरून, म्हणजे माप कळते. फोटोच्या नावात गाव आणि तारीख लिहा. आणि दगड काढावाच लागला तर नव्या भिंतीत दर्शनी जागी बसवा. मिस्त्रीला त्याचे तासभराचे काम असते.

एक अडचण मात्र सांगायला हवी. मोबाइल घेऊन जुन्या चौकात उभे राहिले की प्रश्न येतात. एका शहरात, मी वेशीच्या कमानीचा फोटो घेत असताना तिघे-चौघे जवळ आले. कशाला काढता, कुणाला पाठवता, सर्व्हेवाले आहात का? शोहरांची दाढी आणि माझा स्कार्फ पाहून विचारणारे एका प्रकारचे असतात. दुसऱ्या शहरात आपल्याच मोहल्ल्यातल्या लोकांनी तितक्याच संशयाने विचारले, कारण त्यांना वाटले आम्ही अतिक्रमण मोजायला आलो. दोन्हीकडे मी एकच करते, मोबाइलमधला फोटो दाखवते आणि वाचून दाखवते. बहुतेक वेळा चहा येतो. नेहमी नाही. एकदा आम्ही फोटो न काढताच परत फिरलो. गल्लीत खिडक्या असतात, खिडकीत बायका असतात, हेही लक्षात ठेवावे लागते. त्या दिसत असतील तर मी थांबते किंवा विचारते. माझ्या दारासमोर कुणी न विचारता मोबाइल धरला तर मलाही चालणार नाही.

नरनाळ्याला हा त्रास नाही. तिथे माणूस कमी आणि जंगल जास्त. शहानूर गावावरून वर गेले की महाकाली दरवाजा लागतो. बहामनी सुलतान महमूदशाहच्या काळात फतहुल्ला इमादुल्मुल्कने तो बांधला, 892 हिजरी म्हणजे 1487 साली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा हिंदू मुलगा, लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडात वाढला, आणि पुढे इथल्याच इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. दरवाजावर कमळेही आहेत आणि खतही आहे. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या सहलीत मुलींनी तो लेख अक्षर अक्षर लावायचा प्रयत्न केला. निम्माही झाला नाही, बसची वेळ झाली. एक मुलगी उतरताना म्हणाली, "बाई, फोटो आहे ना तुमच्याकडे? मग बसमध्ये वाचू."

दिवाळीच्या सुट्टीत रोहिणखेडचा बेत आहे. खुदावंद खानाची 1582 ची मशीद आहे तिथे, लेखासह. मुलांना पाण्याच्या बाटलीबरोबर लाकडी पट्टी आणायला सांगितली आहे, आणि अबजदचा तक्ता पाठ करायला.