ब्यावर : हिशेब मागणारे शहर

अजमेरहून अहमदाबादच्या दिशेने निघालेली आगगाडी तासाभरात ब्यावर स्थानकात येते. बहुतेक प्रवासी येथे उतरत नाहीत. अजमेरला दर्गा आहे, पुष्करला सरोवर आहे, पुढे अबूचा पहाड आहे. ब्यावरला पाहण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. येथली तिळपट्टी प्रसिद्ध. तिचा पुडा घ्यावा आणि पुढे जावे, इतकाच बहुतेकांचा ब्यावरशी संबंध. वाचकहो, आपण मात्र एकदा येथे उतरावे, असे मला मनापासून वाटते.

हे शहर फार जुने नव्हे. १८३६ साली डिक्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ते आखून वसवले, म्हणून त्याला नयानगर असेही नाव पडले. भोवती तट आणि तटाला चार दरवाजे : अजमेरी, मेवाडी, सूरजपोल आणि चांग. सभोवार अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्या. या खडकाळ मुलखाला मगरा म्हणतात. पाऊस बेताचा, जमीन हलकी. त्यामुळे दुष्काळी कामांवर खडी फोडणे हे तेथील कित्येक कुटुंबांचे वर्षानुवर्षांचे उपजीविकेचे साधन होते.

शहरात कापडगिरण्या होत्या. त्यांचे भोंगे आता थांबले असले, तरी कामगारांच्या चळवळीचा वारसा येथे जुना आहे. अजमेर हे तेव्हा स्वतंत्र राज्य होते. त्या राज्याने ठरविलेल्या किमान वेतनाविरुद्ध येथील एडवर्ड मिल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९५४ साली हरली. मजुरीचा हिशेब काय असतो, हे या शहराला कोणी नव्याने शिकवावे लागले नाही.

होळीनंतर येथे बादशहाची मिरवणूक निघते. अकबराने तोडरमलाला अडीच दिवसांची बादशाही दिली, अशी तिची आख्यायिका. बादशहा प्रजेवर गुलाल उधळीत जातो, पुढे बिरबल नाचतो, आणि शेवटी स्वारी सरकारी अधिकाऱ्याच्या कचेरीवर जाऊन तेथेही गुलालाची लढाई होते. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरेल असे नाही. पण साहेबाच्या दाराशी वाजतगाजत जाण्याची सवय ज्या गावाला आहे, त्या गावात पुढची हकिकत घडली, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आता आपण चांग दरवाजापाशी येऊ. भाजीच्या गाड्या, सायकली, रिक्षा, तिठ्यावरची गर्दी. चारचौघांसारखाच हा बाजार. ६ एप्रिल १९९६ रोजी येथे मगऱ्यातील स्त्रीपुरुष येऊन बसले, ते ४० दिवस उठले नाहीत. त्यांना धान्य नको होते, जमीन नको होती. त्यांना कागद हवे होते.

कागद कसले, ते सांगितले पाहिजे. दुष्काळी कामावरच्या मजुराला ठरलेल्या दरापेक्षा कमी मजुरी मिळे. विचारले, तर उत्तर येई की, माप कमी भरले. मग हजेरीपट आणि मापवही दाखवा, म्हटले की, ते दप्तर गुप्त आहे. १९९० साली भीम येथे स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हा तिढा ओळखला. नोकरी सोडून आलेल्या सनदी अधिकारी अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिघे देवडुंगरीच्या मातीच्या घरात राहून हे काम करीत होते. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई भरविली. मिळविलेले कागद भर सभेत मोठ्याने वाचण्यात आले. वाचणारा नाव घेई आणि त्या नावाचा माणूस उठून सांगे की, मी त्या कामावर कधी गेलोच नव्हतो. कायद्याची पोथी न उघडता लेखापरीक्षण म्हणजे काय, ते निरक्षर माणसांना एका दुपारी उमगले.

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत आश्वासन दिले की, स्थानिक विकासकामांच्या कागदांच्या छायाप्रती शुल्क घेऊन नागरिकांना देण्यात येतील. वृत्तपत्रांनी ते छापले. वर्ष गेले, पण छायाप्रती मिळाल्या नाहीत. दिलेला शब्द मात्र छापील अक्षरांत उरला होता. खेड्यातील मजुराच्या हाती तेवढाच पुरावा. वृत्तपत्राचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही. धरणे सुरू झाले त्या दिवशी सरकारी आदेश निघाला, तोही असा की, कागद पाहता येतील, पण प्रत मिळणार नाही. प्रतीवाचून तक्रार सिद्ध कशी करावी? लोक बसून राहिले.

ब्यावरने त्यांना परके मानले नाही. भाजीवाल्यांनी भाजी दिली, दुकानदारांनी वर्गणी दिली, खेड्यांतील कुटुंबांनी धान्य आणले. मे दिन त्याच मांडवात आला. आपल्याला हे कशाला हवे, असे विचारणाऱ्यांना संघटनेतील एका बाईंनी दिलेले उत्तर पुढे देशभर गेले. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठविले, तर परत आल्यावर मी हिशेब विचारते. माझ्या नावाने सरकार कोट्यवधी रुपये खर्च करते, तो का विचारू नये?

निखिल चक्रवर्ती, कुलदीप नय्यर, प्रभाष जोशी यांच्यासारख्या ज्येष्ठ संपादकांनी हा प्रश्न राजधानीत नेला. त्याच वर्षी प्रेस कौन्सिलने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा मसुदा तयार केला. कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले, हे आपल्याला ठाऊक असेलच. ज्या संस्थेकडे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी जायच्या, तिने मजुरांच्या मागणीला कायद्याची भाषा दिली. १९९७ साली जयपूरला पुन्हा ५३ दिवसांचे धरणे झाले आणि तेव्हा सरकारने सांगितले की, प्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच निघाली आहे! जाणून घेण्याचा अधिकारच सहा महिने कोणाला न कळता राहिला. राजधानीतल्या एकाही वार्ताहराने राजपत्र चाळले नसावे, याचे मला अधिक नवल वाटते.

राजस्थानचा कायदा २००० साली झाला, महाराष्ट्राचाही त्याच वर्षी. देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. दहा रुपये आणि एक अर्ज; उत्तरास तीस दिवस.

पण हिशेब मागणाऱ्याच्या हिशेबाचे काय? लहान शहरातला वार्ताहर पुष्कळदा जाहिरातीही गोळा करतो. नगरपालिकेची जाहिरात आणि नगरपालिकेवरील टीका एकाच पिशवीतून वाहून नेणे सोपे नाही. २००९ च्या निवडणुकीनंतर प्रभाष जोशींनी पैसे घेऊन बातम्या छापणाऱ्या वृत्तपत्रांविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते गेले. सरकारला जाब विचारणारा संपादक अखेरच्या दिवसांत स्वतःच्या व्यवसायाला जाब विचारीत होता, हे चांग दरवाजाशी उभे राहिल्यावर आठवते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. कोटकिरान्याला जे झाले, ते नावे मोठ्याने वाचली म्हणून झाले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. त्या कलमातील लोकहिताची तरतूद गेली, जरी लोकहिताचे सर्वसाधारण कलम कायम आहे. माणसाच्या खासगी गोष्टी झाकलेल्या राहाव्यात, हे कोणालाही मान्य होईल. हजेरीपटावरचे नाव खासगी, की सार्वजनिक, यावर मात्र मगऱ्यातील म्हातारीचे मत विचारावे असे वाटते.

२०२३ साली ब्यावर जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या वाढल्या, फलक वाढले. सायंकाळी चांग दरवाजाखाली भाजीवाले गॅसबत्त्यांऐवजी विजेच्या दिव्यांत वजने मांडतात. मेथीची जुडी घ्या, सुटे पैसे मोजून घ्या. स्थानकावर परतायला पुरेसा वेळ असतो.