काहीतरी हलकंफुलकं द्या

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘काहीतरी हलकंफुलकं द्या’. त्याखालोखाल ‘नवीन काय आलंय?’ आणि सुट्ट्या लागल्या की ‘चांगलं जाडजूड द्या’. मला आज उदास वाटतंय, त्याला साजेसं पुस्तक द्या, असं आमच्या तालुक्याच्या गावात कुणी म्हणत नाही. मनाचं काय चाललंय ते आडून कळतं. रडवणारं नको म्हणतात, अक्षर मोठं हवं म्हणतात, मागचं फार लांबलं म्हणतात. एक बाई तर ‘ज्यात सासू नाही असं काही असेल तर बघा’ म्हणाल्या होत्या. मराठी कादंबरीत हे शोधणं सोपं नाही.

वाचनालय ‘ब’ वर्गातलं आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग पडले, त्यावर अनुदान ठरतं आणि अनुदानावर आमची नवी खरेदी. पूर्वी वाचकाने यादीतून नंबर काढायचा आणि आम्ही आतून पुस्तक आणून द्यायचं. आता मुक्तद्वार आहे. कुणीही आत जाऊन कपाटं चाळावीत. तरी निम्मे वर्गणीदार आत पाऊल टाकत नाहीत. टेबलाला टेकून उभे राहतात आणि म्हणतात, तुम्हीच द्या. हे ‘तुम्हीच द्या’ निभावता निभावता माझी नोकरी चालली आहे.

हलकंफुलकं म्हटलं की हात सवयीने पु. लं.कडे जातो. पण पु. ल. लोकांचे पाठ असतात. कॅसेटवर ऐकलेले, यूट्यूबवर पाहिलेले. ‘बटाट्याची चाळ’ पुढे केली की समोरचा माणूस पुढचं वाक्य आपणच म्हणतो आणि हसून पुस्तक परत ठेवतो. अशा वेळी मी चिं. वि. जोशी काढते. बडोद्याला पालीचं अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ निर्माण केले, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. पन्नाशीपुढच्यांना दूरदर्शनवरचे प्रभावळकर आठवतात, तेवढ्यावर पुस्तक घरी जातं. कोकणात नाळ असलेला कुणी असेल तर जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’. या पुस्तकाला मी हलकंफुलकं म्हणूनच देते. त्यातली माणसं हसवता हसवता एकेक करून निघून जातात, ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

पण हे सगळं वरवरचं. मनःस्थिती आणि पुस्तक यांचं खरं नातं मला कळलं ते वडील आजारी होते तेव्हा. जिल्ह्याच्या गावी त्यांना भरती केलं होतं आणि बाहेरच्या बाकावर मी रात्री काढत होते. पिशवीत ‘पानिपत’ होती. एरवी मी तिचा फडशा पाडला असता. तिथे पान उलटलं की मागचं आठवेना. शिंदे कुठे आहेत, होळकर कुणाच्या बाजूने आहेत, सगळा गोंधळ. बरं, विषय जड होता म्हणावं तर तसंही नाही. धाकट्या भावाने विनोदी कथांचं पुस्तक आणून दिलं, त्याचंही तेच. गोष्ट रंगात यायला जेवढी पानं लागतात तेवढी सलग मिळतच नव्हती. कुणीतरी आतून पेशंटचं नाव पुकारायचं, मी उठायची.

मग हाती आलं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. महिन्यामहिन्याने पुढे सरकणारं, झाडांचं, पाखरांचं, आभाळाच्या रंगांचं पुस्तक. त्यात पुढे काय होणार असा प्रश्नच नाही. चैत्र संपला की वैशाख येणार, हे ठाऊकच असतं. अर्धं पान वाचून मिटलं तरी काही तुटत नाही आणि परत उघडलं की कुठूनही सुरुवात होते. दवाखान्याच्या आवारात एक पांगारा होता, त्याच्याकडे मी या पुस्तकामुळे पाहिलं. एवढ्या दिवसांत मला तो दिसलाच नव्हता.

तेव्हापासून मी समोरच्याला दुःख आहे की आनंद, हे आधी बघत नाही. दम किती आहे ते बघते. एका बैठकीत किती पानं झेपतील? मध्ये कोण हाक मारणार आहे? वाचनाच्या बाबतीत मला मनःस्थितीपेक्षा हा हिशेब जास्त खरा वाटतो. तान्हं मूल असलेली मुलगी येते, तिला बाळ झोपलं की पंधरा मिनिटं मिळतात. तिची करमणूक व्हावी म्हणून चारशे पानांची प्रेमकथा देण्यात अर्थ नाही. ती तिसऱ्या प्रकरणात अडकते, मुदत संपते, दंड भरते आणि मग वाचनालयच सोडते. तिला मी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ देते. लंपनच्या कथा एकेक सुट्या आहेत, एक वाचून बाजूला ठेवली तरी पुढची वाट बघत थांबते. आणि लंपनचं ते ‘मॅडसारखं’ बोलणं घरभर होतं. एका वर्गणीदार मुलीच्या नवऱ्यानेच पुढचे भाग मागायला सुरुवात केली. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ तो ओळीने घेऊन गेला.

स्पर्धा परीक्षेची मुलं हा वेगळाच प्रकार. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, सकाळपासून खुर्च्या धरलेल्या असतात. ती खाली आली की मागणी एकच, ‘प्रेरणादायी काहीतरी.’ यशाची सूत्रं सांगणाऱ्या अनुवादित पुस्तकांचं एक अख्खं कपाट आमच्याकडे आहे, ते सतत फिरतं आणि त्याच्या बांधण्या सगळ्यात आधी सुटतात. माझं मत विचाराल तर दोन निकालांत नाव न आलेल्या मुलाला पुन्हा जिद्दीचा डोस पाजणं हा छळ आहे. मी अशांना प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ देते. हिमालयात डोंगर फोडून रस्ता करणाऱ्या तुकडीतला लेफ्टनंट विश्वनाथ, त्याचं काम, कड्यावर लटकून सुरुंग लावणारे मजूर आणि वरिष्ठांच्या हुकमाशी पडलेली गाठ. एका मुलाने ते परत देताना तक्रार केली, ‘मॅडम, याचं तर शेवटी कोर्ट मार्शल होतं. यात प्रेरणा कुठाय?’ मी म्हटलं, नाहीच आहे, रस्ता आहे. तो जरा वेळ उभा राहिला आणि असलंच आणखी एखादं आहे का विचारलं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं. ते त्याने शाळेत असताना वाचलं होतं म्हणे, तरी नेलं.

नवऱ्याशी बिनसलेल्या बायका ‘आहे मनोहर तरी’ मागतात. १९९० साली आलेलं सुनीताबाईंचं हे पुस्तक आजही आवाज खाली आणून मागितलं जातं, जणू ते वाचणं म्हणजेच काहीतरी ठरवून टाकणं. मी ते देते आणि कार्डावर दुसऱ्या पुस्तकाची जागा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सोबत टाकते. दोन्ही बायकांचे नवरे मोठे, लोकांना पूज्य. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याने तर १८९५ साली घरच्यांना न विचारता धर्म बदलला आणि बाईंची आयुष्याची घडीच विस्कटली. पण त्या सांगतात कशा! वडिलांचं सोवळ्याचं वेड, टिळकांचं उधळेपण, स्वतःची फजिती, सगळं एकाच सुरात, जणू शेजारणीशी ओट्यावर बसून. राग आलेल्या माणसाला राग शहाणपणाने मांडलेला वाचायचा असतो, हे खरं. पण त्याच आठवड्यात रागावर हसून मात करणारी बाईही भेटली तर बरं, एवढाच माझा हेतू. कोणतं पुस्तक आधी वाचलं ते मी विचारत नाही.

बदली होऊन वाडीवरच्या शाळेत रुजू झालेल्या एका तरुण गुरुजींना ‘बनगरवाडी’ दिली होती. ही शिफारस इतकी उघड होती की देताना मलाच संकोच वाटला. औंध संस्थानातला कोवळा मास्तर, धनगरांची वस्ती आणि मेंढरांमागे गेलेली पोरं. गुरुजी परत आले ते हसतच. म्हणाले, ‘पटसंख्येचं दुखणं तेव्हापासूनचंच आहे की.’ मग माडगूळकरांचं जे जे होतं ते सगळं वाचून काढलं त्यांनी. वानरांच्या टोळीवरचं ‘सत्तांतर’ वाचल्यावर मात्र शाळेच्या संस्थाचालकांबद्दल काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही.

काही पुस्तकं मी आपणहून सुचवत नाही. जी. ए. मागितले तर देते. ‘कोसला’ अकरावीतल्या मुलाला देऊ नये असं माझं मत आहे. त्या वयात पांडुरंग सांगवीकरचं फक्त वागणं उचललं जातं, मनीच्या मृत्यूची पानं नुसती चाळली जातात. आषाढात दिवे गेले की नारायण धारपांना मागणी येते, तिथे शिफारशीची गरजच नाही. त्या पुस्तकांच्या सतराव्या पानावर वाचकांच्या खुणा असतात, कुणाची फुली, कुणाचा चांदणीचा ठिपका. हे आपलं वाचून झालंय, पुन्हा न्यायचं नाही, यासाठी. आमच्याकडची काही पानं अशा खुणांनी भरून गेली आहेत आणि मी त्यांना कधी रबर लावलेलं नाही.

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आमचे जुने वर्गणीदार. पत्नी गेल्यावर काही महिने आलेच नाहीत. मुलाने त्यांना मृत्यू, आत्मा, शोक अशा विषयांवरची पुस्तकं आणून दिली होती. एके दिवशी आले आणि म्हणाले, ‘ज्यात कुणी उपदेश करत नाही असं काही द्या.’ मी गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ दिलं. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडतो. झाशी पडताना तो शहरात असतो. कमावलेलं लुटलं जातं, पुन्हा मिळवतो, पुन्हा जातं. आणि हे सगळं सांगताना कुठे काय खाल्लं, कोणत्या घाटावर स्नान केलं, तेही राहून जात नाही. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं.

काकांनी मुदतवाढ घेतली, मग आणखी एकदा घेतली. परत करताना बोलले काही नाहीत. आता मात्र रोज संध्याकाळी येतात, वर्तमानपत्रं वाचून झाली की माझ्या टेबलाच्या कडेला उभे राहतात आणि येईल त्याला ‘माझा प्रवास’ सुचवतात. दम बघत नाहीत, वय बघत नाहीत. परवा कॉलेजातली एक मुलगी प्रेमकथा मागत होती. मी गौरी देशपांडे काढायला उठले, तेवढ्यात काकांनी तिला बंडाची पूर्वपीठिका समजवायला सुरुवात केली. तिने दोघांचंही नीट ऐकून घेतलं आणि स्वतः आत जाऊन शिरवळकरांची ‘दुनियादारी’ घेऊन आली.