वस्तादाच्या हाताची हद्द

आमच्या भडगावकडे यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. मनगट मुरगळले, खांदा निखळला की सारे वस्तादाकडे धावतात. तोच डाव शिकवतो, तोच तेल लावून चोळतो, तोच सांधा बसवतो. त्याच्या हाताला गुण आहे अशी श्रद्धा असते आणि तो पैसे मागत नाही. मजुराच्या घरी ही केवढी सोय!

पण माझ्या एका मित्राचा कोपर कबड्डी खेळताना पडून सुजला. एका जाणत्या पैलवानाने तो रोज चोळला. महिन्याने सूज उतरली, हात मात्र सरळ होईना. डॉक्टरांनी सांगितले, दुखावलेला कोपर चोळला की स्नायूत हाड धरू लागते. मित्र पोलीस भरतीची तयारी करीत होता. ती तिथेच थांबली. पैलवानाचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. आपला हात कोठे थांबवावा, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

योगायोग पाहा. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि तिथे क्रीडा मार्गदर्शक घडू लागले. त्याच साली आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम झाला. नोंदणीवाचून वैद्यकी करण्यास बंदी आली. एकाने खेळ शिकवायचा, दुसऱ्याने उपचार करायचा. मैदानावर कळवळणारा खेळाडू मात्र दोहोंच्या मध्येच राहिला. अमेरिकेत ही जागा भरणारा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याने काय करावे व काय करू नये, हे बहुतेक राज्यांच्या कायद्यांत लिहिलेले असते. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद केली. आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, असे तो कायदा म्हणतो.

आमच्या वस्तादाने इतके तास कोठून आणावेत? आणि नुसती बंदी घातली तर रात्रीच्या सामन्यात पडलेल्या पोराकडे पाहणार कोण? मला वाटते, वस्तादाला हाकलू नये, त्याला चार गोष्टी शिकवाव्यात : सुजलेले चोळू नये, निखळलेले ओढू नये, फळी बांधावी, दवाखान्यात धाडावे. हद्द आखून देण्यात अपमान कसला? कबड्डीत ताकदवान गडीही रेषेबाहेर गेला की बादच होतो.

सुरुवात आपल्याच कॉलेजच्या मैदानापासून व्हावी. पुढच्या सामन्याला चषकाबरोबर फळी, पट्टी आणि दवाखान्यापर्यंतचे वाहनही तयार असावे.