लॅपटॉपचे दात

तिसऱ्या वर्षाला आलं की हॉस्टेलवर दोनच विषय उरतात. एक प्लेसमेंट आणि दुसरा लॅपटॉप. पहिला आपल्या हातात नसतो, म्हणून सगळे दुसऱ्यावर बोलतात! पहिली दोन वर्षं कॉलेजच्या लॅबवर आणि रूममेटच्या मेहेरबानीवर निघून जातात. पण मिनी प्रोजेक्ट आला, इंटर्नशिपच्या ऑनलाइन टेस्ट आल्या, की स्वतःचं मशीन लागतंच. मग प्रश्न पडतो : नवा घ्यायचा की रिफर्बिश्ड? मी नुकतीच या प्रश्नातून पार पडले आहे, त्यामुळे जरा अधिकारवाणीने लिहिते आहे. सहन करा.

आमच्या लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, पण लॅपटॉपच्या बाजारात रस्ते दोनच. पहिला चकचकीत. एसी शोरूम, ‘नो कॉस्ट ईएमआय’, बॅग आणि माऊस फुकट. मला चालेल असा नवा लॅपटॉप तिथे ५२ हजारांना होता. दुसऱ्या रस्त्यावर काळी, जाड, वजनदार मशीन्स वखारीतल्या पोत्यांसारखी रचून ठेवलेली. किंमत १३ ते २५ हजार. ही येतात कुठून? मोठ्या शहरांतल्या कंपन्या पुष्कळदा तीन-चार वर्षांच्या कराराने लॅपटॉप भाड्याने घेतात. मुदत संपली की ते गठ्ठ्याने बाहेर पडतात. व्यापारी ते उचलतात, साफ करतात, खराब पार्ट बदलतात, तपासतात आणि विकतात. म्हणजे ‘सेकंड हॅण्ड’ आणि ‘रिफर्बिश्ड’ यांत फरक आहे. निदान असायला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीसुद्धा करावी लागते. प्रत्यक्षात काही ठिकाणी फक्त फडकं मारून स्टिकर चिकटवलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पप्पा म्हणाले, ‘‘नवाच घे.’’ पण नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले, आणि मला ते कळलं. ५२ हजार म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात अहमदपूरकडचं आमचं रान आठवडाभर पाण्याखाली होतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. अशा वर्षी मुलीला ‘नवाच घे’ म्हणणं सोपं नसतं. ईएमआय भरता आला असता, नाही असं नाही. पण हप्ता दर महिन्याला येतो आणि सोयाबीन वर्षातून एकदाच येतं.

आजोबांना हे प्रकरण समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी कॉन्व्हेंटची. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाचं स्पेलिंग झोपेत विचारा, बरोबर सांगीन. पण त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘‘आजोबा, म्हणजे जुनंच असतं, पण दुरुस्त करून, साफ करून...’’ असं माझं चाललेलं. आजोबा म्हणाले, ‘‘कल्हई केल्यालं भांडं म्हण की! एवढं कशाला फिरवायलीस?’’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘‘किती दाती हाय?’’

हा प्रश्न ज्यांना कळला नाही त्यांच्यासाठी सांगते. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. आजोबांनी आयुष्यातले बरेचसे बैल तिथूनच आणले, कधी लाल कंधारी, कधी देवणी. बैल घेताना कातडीची चमक बघायची नसते. ती तेल लावून आणता येते. तोंड उघडून दात बघायचे. दुधाचे दात असतील तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे आठ आले की जुळलेला. आदत गोऱ्हा देखणा असतो, महाग असतो आणि त्याला काम शिकवावं लागतं. जुळलेला बैल कामाला पक्का असतो, पण त्याच्यात अजून किती वर्षं उरलीत ते ओळखता आलं पाहिजे. आजोबांच्या मते नवा की जुना हा प्रश्नच चुकीचा. ‘‘काम किती ऱ्हायलंय त्यात, ते बघ.’’

मला एकदम उजेड पडला, कारण लॅपटॉपलाही दात असतात! इंटेलच्या मशीनवर ‘आय-५’ च्या पुढे एक आकडा असतो. ८२५० असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी जनरेशन. ६३०० असेल तर सहावी. १०२१० असेल तर दहावी. हा आकडा का महत्त्वाचा? विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला साधारणपणे आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते. इंटेलची आठवी जनरेशन २०१७ ची. म्हणजे २०१६ चा आणि २०१८ चा लॅपटॉप दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचे दात पडलेले आणि एकाचे शाबूत. काही दुकानदार सहाव्या जनरेशनवर पळवाटेने विंडोज ११ टाकून देतात. ते चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सगळं काम लिनक्सवर करणार असाल तर सहावी जनरेशनसुद्धा मजेत चालेल. मात्र कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्टना बहुधा विंडोज लागतं, हे विसरू नका.

दातांनंतर बैलाला चालवून बघतात. लॅपटॉपलाही चालवून बघायचं. कमांड प्रॉम्प्टवर बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आता किती चार्ज धरते, दोन्ही आकडे येतात. पन्नासाची तीसवर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. बिजागऱ्या हलवून बघा, सगळी बटणं दाबून बघा, अर्धा तास व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका. नांदेडच्या मे महिन्यात त्या पंख्याला काय सोसावं लागणार आहे ते आपल्याला माहीत आहे. आणि बायोस उघडून बघा. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तिथे अजून बसलेला असेल तर तो बैल दुसऱ्याच्या दावणीचा समजावा. बाजारात जनावर घेताना पावती करतात, तसं इथे जीएसटीचं बिल आणि वॉरंटी लेखी घ्यायची. ‘‘काही झालं तर आणा, आपलंच दुकान आहे’’ याला वॉरंटी म्हणत नाहीत.

आता नव्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटरवाले रागावतील. माझ्या रूममेटने नवा घेतला आणि अगदी बरोबर केलं. तिला मशीन लर्निंगचं काम आहे, ग्राफिक्स कार्ड लागतं. ते जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपात मिळणार नाही. जड थ्री-डी डिझाइन करणाऱ्यांचंही तेच. नव्याची बॅटरी दिवसभर चालते, स्क्रीन सुंदर असतो, आणि वजन? माझं मशीन पाठीवर घेऊन चार जिने चढले की व्यायाम होतो. पण ५२ हजारांच्या त्या नव्या मॉडेलमध्ये ८ जीबी रॅम होती, तीही बोर्डावर पक्की डाग दिलेली. वाढवायची सोयच नाही. स्वस्तात नवं घेताना आपण पुष्कळदा चकाकी विकत घेतो आणि जागा सोडून देतो.

शेवटी मी लेनोव्होचा २०१८ चा ‘थिंकपॅड टी-४८०’ घेतला. आठवी जनरेशन, १६ जीबी रॅम, एसएसडी. रॅमचे दोन खण आहेत, मागची बॅटरी हाताने निघते. नव्या बॅटरीसकट २३ हजार पडले. उरलेले पैसे पप्पांकडेच राहिले आणि त्यातून रब्बीला हरभऱ्याचं बी आणि खत आलं.

खरी अडचण पैशाची नव्हतीच, खरं सांगू का? ती मनात होती. कॉन्व्हेंटमध्ये असताना मोठ्या बहिणीची पुस्तकं वापरायची तर कव्हर नवं घालायचं, हे आम्ही सगळ्या करत होतो. ‘जुनं’ म्हटलं की आपण मान खाली घालतो. पहिल्या दिवशी लॅबमध्ये मी तो काळा ठोकळा बाहेर काढला तेव्हा कुणी विचारायच्या आधीच ‘‘तात्पुरता आहे’’ असं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. तासाभराने शेजारचा म्हणाला, ‘‘कीबोर्ड भारी आहे गं तुझा, कितीला पडला?’’ मी आकडा सांगितला. त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे मुलं-मुली पत्ता विचारायला येत होती.

आजोबांना व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवलं. पुढून, मागून, उघडून. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘वैरण किती खातंय?’’ मी म्हटलं, ‘‘पासष्ट वॅटचा चार्जर आहे, आजोबा.’’ ते खूश झाले.

तर मंडळी, सुट्टीत कुणी लॅपटॉप घ्यायला निघालात तर मला सोबत न्या. दात मी बघीन, चहा तुमचा.