अपडेट आला, आईची साडी गेली!

मार्च २०२३ मधली बुधवारची रात्र. ऑफिसमधून आले, जेवण झालं, आई झोपायला गेली आणि मी लॅपटॉप उघडला. 'द सिम्स ४' सुरू केला, आमचं घर उघडलं आणि बघते तर काय... आई स्वयंपाकघरात जीन्स आणि हुडी घालून उभी! हिरव्या काठांची साडी गायब. भिंतीवरचं कॅलेंडर गायब. ओटा होता तिथे नुसती रिकामी भिंत.

घाबरू नका, ही आई गेममधली. खरी आई आतल्या खोलीत शांत झोपली होती.

ज्यांना सिम्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या गेममध्ये माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं आणि जगू द्यायचं. जिंकणं-हरणं नाही. १९९१ मध्ये ओकलंडच्या वणव्यात विल राइट यांचं घर जळालं. ते पुन्हा उभं करताना त्यांना या गेमची कल्पना सुचली आणि २००० मध्ये पहिला सिम्स आला. चौथा २०१४ चा. ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेम फुकट आहे, त्यामुळे 'परवडत नाही' ही सबबही उरलेली नाही!

आमचं घर म्हणजे डोंबिवलीचं, वन रूम किचन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि धाकटा भाऊ तिथे अडकलो आणि वेळ जाईना म्हणून तेच घर गेममध्ये बांधायला घेतलं. आता गेममध्ये आपल्याकडचा ओटा कुठून मिळणार? २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेल्या कपड्यांचा एक संच सिम्समध्ये आला खरा, पण आईच्या कपाटातली नेमकी ती साडी त्यात कशी असेल? तिथे कामी येतो 'कस्टम कन्टेन्ट'. म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले कपडे, भांडी, फर्निचर. भावाने आईच्या साडीचा फोटो काढला, त्यावरून काठ रंगवले आणि चार रात्री जागून ती साडी गेममधल्या आईला नेसवली. आई म्हणाली, "निऱ्या नीट नाहीत." पण दिवसभर येता-जाता स्क्रीनकडे बघत होती.

२०२१ मध्ये भाऊ टोरोंटोला गेला. २०२२ मध्ये बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आईला मी पुण्याला माझ्याकडे आणलं आणि घर रिकामं करायच्या गडबडीत त्याचा कॅरम आणि कॉलेजच्या वह्यांची पेटी भंगारवाल्याला दिली. त्याला न विचारता. फोनवर कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आईच्या औषधांची यादी. बस्स.

म्हणजे आता ते घर फक्त माझ्या लॅपटॉपवर उभं होतं. आणि तेही मी पाडलं होतं!

झालं होतं असं. १४ मार्चला गेमचा मोठा अपडेट आला. मोठा अपडेट आला की गेम आपणहून सगळे मॉड्स बंद करतो. त्यात चूक काही नाही. जुने मॉड नव्या गेमशी भांडू नयेत म्हणून ही काळजी. तशी सूचनाही येते. ती मी न वाचता बंद केली, घर उघडलं, ही दैना पाहिली आणि हाताला सवय म्हणून वर 'सेव्ह'ही केलं! मॉड्स बंद असताना घर सेव्ह केलं की गेम समजतो, या वस्तू इथे नव्हत्याच. मग मी सगळे मॉड्स एकदम चालू केले. आता आई जागची हलेना. चहा कर म्हटलं की दोन सेकंदांत काम रद्द.

रात्रीचे अकरा. तिकडे दुपारचा दीड. पाच मिनिटं फोनकडे बघत बसले, मग लावला.

"काय गं ताई, आई बरी आहे ना?" हा पहिला प्रश्न.

"आई बरी आहे. गेममधली बरी नाही."

दोन क्षण शांतता. मग, "सेव्ह केलंस?"

"हो."

"शाबास! आता कशालाही हात लावू नकोस."

मग साहेबांनी सूत्रं हाती घेतली. आधी 'मॉड्स'चं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर. मग 'लोकलथम्बकॅश' नावाची फाइल डिलीट. त्यात जुन्या आठवणी साठतात आणि ती गेम पुन्हा नवी बनवतो, त्यामुळे भीती नाही. मग अर्ध्या-अर्ध्याचा फंडा. निम्म्या फायली आत टाकायच्या आणि गेम उघडून नव्या, रिकाम्या घरात तपासायचं. चालला तर गुन्हेगार बाहेरच्या निम्म्यात, अडला तर आतल्या. त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग. माझ्याकडे फायली ४१२, म्हणजे जास्तीत जास्त नऊ फेऱ्या.

माझ्या लॅपटॉपवर गेम उघडायला दर वेळी चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ दोघांनी गप्प बसून काय करायचं? पहिल्या दोन फेऱ्या हवामानावर गेल्या. तिसरीत आईच्या गुडघ्यांवर. पाचव्या फेरीला तो म्हणाला, "कॅरम कुणी नेला गं? म्हणजे कुणी खेळतंय का, की फोडला?"

"माहीत नाही रे. मी बघितलंच नाही. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "लोड झालं का?"

नवव्या फेरीत गुन्हेगार सापडला. तोवर या गेममधलं तान्हं बाळ पाळण्याला जणू चिकटलेलंच असायचं. त्या अपडेटने ते पाळण्यातून बाहेर काढलं, रांगायला लावलं. आणि माझ्याकडे पडून होता पाळण्यातल्या त्या बाळालाच बदलणारा २०२० चा एक मॉड. घरात बाळ नाही, तरी तो होताच. तो काढला, बाकी सगळे परत ठेवले. मग 'लोड गेम'मध्ये जाऊन जुनी प्रत परत मागवली. गेम प्रत्येक घराच्या शेवटच्या पाच प्रती जपून ठेवतो, हे मला त्या रात्री कळलं. साडी आली. ओटा आला. आई चहाला लागली.

तुमच्यापैकी कुणी खेळत असेल तर माझ्या चुकीवरून शिका. गेमचे आपोआप अपडेट बंद ठेवा. अपडेट घेण्याआधी 'मॉड्स' आणि 'सेव्ह्ज' ही दोन्ही फोल्डर्स दुसरीकडे कॉपी करा. कपडे-फर्निचर बहुतेक वेळा टिकतं. आधी बिघडतात ते स्क्रिप्ट मॉड्स, कारण त्यांत प्रोग्रॅम असतो. ते वेगळे ठेवा, पण एकाहून जास्त फोल्डरच्या आत नको, गेमला सापडत नाहीत. कुठला मॉड कुणाचा, कधी घेतला, हे लिहून ठेवा आणि बनवणाऱ्याने नवी आवृत्ती दिली का ते बघून मगच चालू करा. घेताना मूळ ठिकाणाहूनच घ्या; मॉडमध्ये मालवेअर लपवल्याची प्रकरणं २०२४ मध्ये उघड झाली आहेत. आणि सगळं नीट दिसेपर्यंत 'सेव्ह'ला हात लावू नका!

असो. त्या शुक्रवारी मेलवर एक फाइल आली. सोबत एकच ओळ, "आधी बॅकअप घे."

घेतला. मग फाइल टाकली. गेममधलं साधं कॉफी टेबल, पण त्याला वरून कॅरमचं तोंड. चार कोपऱ्यांत चार काळी भोकं, मधे लाल राणी. एका कोपऱ्यावर आमच्या खऱ्या कॅरमला होता तसा चहाच्या कपाचा डागसुद्धा.

मी ते पलंगाशेजारी ठेवलं, आईला हाक मारली आणि मग 'सेव्ह' केलं.